टायरमास्तरांचं टायरवाचन

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा टायरमास्तर सायकलच्या पंपाला तेल देत बसले होते. सायकल विकून तीन वर्षं झाली होती, पण पंप कोरडा पडलेला त्यांना बघवत नसे.

“बाबा, आमच्या गाडीचे चारही टायर बदलायचेत. निवडायला तुम्ही याल का?”

टायरमास्तरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. बस डेपोच्या टायर विभागात त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. टायरवर नुसता हात फिरवून ते बस कोणी चालवली, कशी चालवली आणि ड्रायव्हर काय लपवतोय हे सांगत. ‘टायरमास्तर’ हे नाव त्यांना ड्रायव्हरांनीच ठेवलं होतं आणि ते येताना दिसले की तेच ड्रायव्हर चहा अर्धा टाकून उठत. पण निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत टायरबद्दल त्यांना कोणी चकार शब्द विचारला नव्हता. टायरबद्दलच कशाला, कशाबद्दलच विचारला नव्हता.

“येतो की!” ते म्हणाले आणि तडक माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला स्टुलावर चढले.

पेटीतून छोटी हातोडी, टॉर्च, खडू आणि टायरच्या खाचा मोजायची पितळी पट्टी बाहेर आली. बायकोने हे सगळं कपाळाला हात लावून पाहिलं.

“अहो, जावयाची गाडी आहे. डेपोची बस नाही. तिथे तोंडाला जरा आवर घाला.”

“मी काय बोलणार आहे?”

“जे मैदानावर बोललात, ते.”

टायरमास्तर पितळी पट्टी रुमालाने पुसू लागले. मैदानाचा विषय घरात निघाला की त्यांचे हात असेच कामाला लागत. लेक अठरा वर्षांची असताना त्यांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती. मित्राची जुनी जीप, मोकळं मैदान आणि शेजारी हे. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी डेपोच्या पट्टीत इतकी आरडाओरड केली की पोरीने जीप तिथेच सोडली आणि ती रडत चालत घरी आली. पुढे ती शिकली, हाडांची डॉक्टर झाली, धडधाकट माणसांचे निखळलेले खांदे एका झटक्यात जागेवर बसवू लागली. पण सोळा वर्षांत तिने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. टायरमास्तरांना याचं फार वाईट वाटे. तसं तिला एकदा सांगावं असंही वाटे. पण टायर सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं, तर सुरुवात कुठून करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

टायरचं दुकान कसलं, हॉस्पिटलच होतं ते. पांढरीशुभ्र फरशी, गार हवा आणि भिंतीवर आरशासारखे चमकणारे टायर. जावयाची काळी एसयूव्ही मधोमध उभी होती. इतकी उंच की टायरमास्तरांना तिच्या टपावर सामान चढवायची शिडी शोधावीशी वाटली. जावई इमारतींचे नकाशे काढणारा, सहा फूट उंच आणि अगदी मोजकं बोलणारा माणूस. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासऱ्याशी त्याचं बोलणं ‘बरे आहात ना?’च्या पुढे सरकलेलं नव्हतं.

हातात टॅब घेतलेली एक मुलगी हसत पुढे आली. “सर, गाडी तुम्ही कशी चालवता? आरामात, जोरात की खडबडीत रस्त्यावर? त्याप्रमाणे टायर सुचवते.”

जावयाने शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं.

“आरामात,” जावई म्हणाला.

“त्यांना कशाला विचारता?” टायरमास्तरांनी बाह्या वर सारल्या. “माणूस खोटं बोलतो. टायर काढा, मी टायरला विचारतो.”

“बाबा, राहू दे ना,” लेक घाईघाईने म्हणाली. “नुसते नवीन निवडा.”

“जुना बघितल्याशिवाय नवीन निवडायचा? तू एक्स-रे न काढता प्लास्टर घालतेस का?”

डॉक्टरीणबाई हताशपणे बाजूला सरकल्या. मेकॅनिकने चारही टायर काढून भिंतीशी ओळीने उभे केले. टायरमास्तर उकिडवे बसले, पहिल्या टायरवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“जावईबापू, पुढचा डावा टायर बाजूने पार सोलून निघालाय. फुटपाथची कड लागते तुम्हाला. एकदा नाही, वीस-पंचवीसदा.”

जावयाने खाली मान घातली. “हो. लागते खरी.”

“आणि हे बघा, नक्षीच्या कडा एकाच अंगाने खाल्ल्या गेल्यात. ब्रेकवर उभे राहता की काय? समोर काय येतं एवढं?”

“मांजर,” जावई विचार करून म्हणाला.

“दर वेळेला?”

“आमच्या भागात मांजरं खूप आहेत.”

एव्हाना दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जवळ सरकली होती. टायरमास्तरांना चार वर्षांनी श्रोते मिळाले होते आणि आवाज हळूहळू डेपोच्या पट्टीत चढू लागला होता. पुढच्या दोन्ही टायरचे कडेचे खांदे घासलेले, म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच स्टिअरिंग गरगरा फिरवलं जातं. मागच्या डाव्या टायरवर लोखंडाचा ओरखडा, म्हणजे फाटकाशी झटापट. प्रत्येक गुन्ह्यावर खडूची फुली पडत होती आणि जावई प्रत्येक फुलीला ‘हो’ म्हणत होता. लेक दोनदा “बाबा...” म्हणाली, पण जावयाने हळूच तिचा हात दाबला.

“काका, जरा आमचेही बघता का?” एक गलेलठ्ठ गृहस्थ कौतुकाने म्हणाले. टायरमास्तरांनी त्यांच्या टायरवर जाता जाता बोट टेकवलं.

“छान चालवता. पण शंभरच्या खाली येत नाही तुम्ही.”

“काय?” त्यांच्यामागून त्यांची बायको उगवली. “मला तर सांगता, साठच्या वर काटा जात नाही म्हणून! तरीच मी शेजारी बसले की गाडी रांगते!”

ते जोडपं कोपऱ्यात भांडायला गेलं, तरी तिसऱ्या गिऱ्हाइकाने आपली गाडी पुढे आणायला सांगितलं. मेकॅनिकने पाना खाली ठेवून स्वतःच्या स्कूटरचा विषय काढला. टॅबवाली मुलगी ‘गाडी कशी चालवता’ या रकान्यात काय भरावं या विवंचनेत उभी होती.

“लिहा, बेजबाबदार!” टायरमास्तर कडाडले. खरं तर त्यांना जावयाचा राग आला नव्हता, भीती वाटली होती. या गाडीत त्यांची लेक रोज बसत होती. “जावईबापू, तुम्ही मोठे माणूस, पण स्पष्ट बोलतो. तुमच्या हातात किल्ली देणं गुन्हा आहे. डेपोत असता तर सहा महिने बस पुसायला लावली असती. माझा एक जुना ड्रायव्हर शिकवणी घेतो, उद्या सात वाजता त्याच्याकडे जायचं. आणि आज माझी मुलगी माझ्याबरोबर बसने घरी येईल.”

गिऱ्हाइकं जावयाकडे, मागच्या जन्मीचा दरोडेखोर असावा, तशी बघू लागली. जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो एवढंच म्हणाला, “सात वाजता जाईन, बाबा.”

इतकं होऊनही ब्र न काढणारा ड्रायव्हर टायरमास्तरांनी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता. दोषी ड्रायव्हर भांडतो, रस्त्याला शिव्या देतो, युनियनची धमकी देतो. हा माणूस सगळं कबूल कसं करतोय? त्यांना चैन पडेना. ते पुन्हा उकिडवे बसले, टॉर्च लावला आणि पितळी पट्टी प्रत्येक खाचेत घालून पाहिली.

“गंमत आहे,” ते स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आतली झीज अगदी एकसारखी आहे. दोन वर्षं ही गाडी लोण्यासारखी चाललीय. खरचटलेलं सगळं ताजं आहे, दोन-तीन महिन्यांतलं. म्हणजे ही गाडी दोघं चालवतात. एक हात पक्का आहे. आणि दुसरा शिकाऊ. वेग अजिबात नाही, नुसती भीती. समोर काही नसतानाही ब्रेक दाबतो. कोणीतरी दटावेल या धास्तीनं...”

वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी मान वर केली. लेक फरशीकडे बघत उभी होती. खालचा ओठ दाताखाली धरून, पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत. सोळा वर्षांपूर्वी जीपमधून उतरताना ती अशीच दिसली होती.

टायरमास्तर उठून गाडीपाशी गेले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीट स्टिअरिंगला चिकटेल इतकी पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर घरच्या सोफ्यावरची उशी होती. सहा फुटी जावई त्या जागेत घडी घालूनही मावला नसता.

दार त्यांनी हलकेच लावलं. मग खिशातून रुमाल काढला आणि ओळीतल्या पहिल्या टायरपासून शेवटच्या टायरपर्यंत खडूच्या सगळ्या फुल्या एकेक करून पुसल्या. लोक बघतच राहिले.

“वाचण्यात चूक झाली,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य डेपोत कोणी कधी ऐकलं नव्हतं. “चष्मा बदलायला हवा. जावईबापू, माफ करा. उद्या सातला जायचं नाही कुठे.”

“बाबा, तुम्ही बरोबरच वाचलं होतं,” जावई हळूच म्हणाला. सहा वर्षांतलं हे त्याचं आपणहून बोललेलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

टॅबवाली मुलगी चाचरत पुढे आली. “काका, मग बेजबाबदार खोडू का?”

“खोडा. लिहा, काळजीने चालवते.” एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, पण बाण सुटला होता. लेकीने झटकन वर पाहिलं. “मला सांगा, यातला कोणता टायर सगळ्यात लवकर थांबतो?”

मुलीने तीन टायर दाखवले. एक वेगाचा, एक जाडजूड, दगडधोंड्यांचा आणि एक साधासा दिसणारा, मऊ रबराचा.

“ब्रेक घाबरून दाबला तरी?”

“म्हणजे?”

“म्हणजे एखाद्याने भिऊन एकदम पाय दाबला. हात थरथरतायत. रस्ता ओला आहे. तरी गाडी सरळ उभी राहिली पाहिजे. इकडे नाही, तिकडे नाही. आणि बाजू अशी हवी की फुटपाथ लागला तर टायरने सोसावं, चालवणाऱ्याला कळूही नये.”

मुलीने मऊ रबराच्या टायरवर हात ठेवला. टायरमास्तरांनी तो अंगठ्याने दाबला, हातोडीने ठोकला, कान लावून ऐकला. एक नाही, चारही. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात लेक त्यांच्या मागे टॉर्च धरून उभी होती आणि दोघंही टायर सोडून दुसरं काही बोलले नाहीत.

नवे टायर चढल्यावर जावयाने किल्ली काढली आणि एक शब्दही न बोलता बायकोच्या हातात ठेवली. स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. टायरमास्तर पुढे, लेकीच्या शेजारी बसले, पट्टा लावला आणि दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले. आकाश कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही, असा त्यांनी मनाशी पण केला होता.

गाडी दुकानाच्या दारापर्यंत सरकली आणि रस्त्याच्या तोंडाशी थांबली. रस्ता मोकळा होता, तरी थांबली.

“बाबा, काहीतरी बोला ना.”

टायरमास्तरांनी मान हलवून नकार दिला.

“अहो, तुम्ही असे गप्प बसलात की मला वाटतं, मी कुणालातरी उडवलंय! त्यापेक्षा ओरडा.”

“बाबा, ओरडा थोडं,” मागून जावई म्हणाला. “आज मला सवय झालीय.”

टायरमास्तरांनी ओरडण्यासाठी तोंड उघडलं. पण ओरडणं काही जमेना. आत साठलेलं बाहेर पडलं, ते भलतंच.

“त्या दिवशी मैदानावर तू काही चुकली नव्हतीस. मीच घाबरलो होतो. तुला काही झालं असतं म्हणजे... मला घाबरलो असं म्हणता येत नाही. ओरडता येतं.”

लेकीने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि मुसमुसायला लागली. “हे तुम्ही आत्ता सांगताय? आता मला रस्ताच दिसत नाहीये!”

“मग थांब. काही घाई नाही.”

मागच्या सीटवर नकाशेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांच्या मागे त्या गलेलठ्ठ गृहस्थांची गाडी येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोन. एक हॉर्न वाजला, दुसरा वाजला आणि मग तिन्ही एकदम वाजायला लागले. लेक दचकली. तिने डोळे पुसायला उचललेला हात तसाच थांबला.

टायरमास्तरांनी खिडकीची काच खाली केली. कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि तेहतीस वर्षं कमावलेला तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच योग्य जागी लावला.

“थांबा की जरा! दिसत नाही का? माझी लेक गाडी चालवतेय!”

गाडी अजून जागची हललीही नव्हती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.