दगडूअण्णांची जित्राबं

आमच्या काळेवाडीत सकाळी माणूस भेटला की रामराम होतो, फार तर "काय म्हणताय?" होतं. दगडूअण्णा तेवढे विचारतात, "झालं का साफ?"

म्हणजे पोट. माझी पिठाची गिरणी आहे. बायाबापड्या डबे लावून उभ्या असतात आणि त्या सगळ्यांच्या देखत हा माणूस आपली ज्वारी खाली ठेवून पहिला प्रश्न मला हा करतो. सुरुवातीला मी जाम भडकायची. आता "झालं हो बाबा, तुमच्या कृपेनं" म्हणते आणि मोकळी होते. उत्तर मिळाल्याशिवाय ते डबा पुढं सरकवतच नाहीत, मग भांडून काय मिळवायचं?

अण्णा चाकणच्या एका कंपनीची बस चालवतात. शिफ्टची माणसं डांगे चौकातून, काळेवाडीतून उचलायची आणि कंपनीत नेऊन सोडायची. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न. एखादा खरं बोलून "नाही झालं" म्हणाला, तर त्याला पुढं आपल्याजवळ बसवणार आणि चाकण येईपर्यंत उपदेश पाजणार. मोशीत ट्रॅफिक लागलं की मग तर विचारूच नका. पोरं मला सांगतात, मावशी, आम्ही खोटं बोलायला शिकलो ते अण्णांच्या बसमध्ये.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या पोटात गोठा असतो. "गोठ्यात जित्राबं हायती, वैनी. बारकी, डोळ्याला न दिसणारी. त्यास्नी वैरण घातली तर ती दूध देणार. वैरण म्हंजी भाकर, ताक, पालेभाजी. तुमी घालताय वडापाव आन् वर गोळ्या. मग जित्राबं लाथा घालणारच की." हे ज्ञान कंपनीतल्या कुठल्याशा आरोग्याच्या भाषणातून आलेलं. अर्धं भाषण ते झोपले होते, त्यामुळं उरलेलं अर्धं त्यांचं स्वतःचं आहे. पण एक खरं. पन्नाशी ओलांडली तरी ह्या माणसाला ॲसिडिटी माहीत नाही, जुलाब माहीत नाही, गोळी माहीत नाही. आणि त्याचा गर्व केवढा! लोक बंगल्याचा करत नाहीत एवढा.

लग्न राहिलं तेही ह्याच पायी. मुलगी बघायला गेले, पोहे झाले, सगळं जुळत आलं. वडीलधारे म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. ह्यांनी विचारलं. दुसऱ्या ठिकाणी नेलं, तिथंही विचारलं. मग मध्यस्थांनीच हात टेकले. तेव्हापासून एका खोलीत एकटे राहतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. चांगली गोल असते, माझ्यापेक्षा बरी.

त्यांच्या बसमध्ये बालाजी म्हणून एक मुलगा आहे, नांदेडकडचा, प्रेस मशीनवर काम करतो. माझ्या गिरणीमागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सविता भाड्यानं राहतात. गुणी पोर. तिला छातीत इन्फेक्शन झालं, दवाखान्यात जबर अँटिबायोटिक दिली. छाती बरी झाली आणि पोट बिघडलं. जुलाब काही थांबेनात. औषध चालू असलं की थांबायचे, कोर्स संपला की पहिले पाढे पंचावन्न. अन्न अंगी लागेना. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

शेवटी चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की औषधांनी हिच्या आतड्यातले चांगले जंतू मरून गेलेत आणि वाईटांना रान मोकळं सापडलंय. आता निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, गाळायची आणि नळीनं हिच्या आतड्यात सोडायची. म्हणजे त्यातले चांगले जंतू तिथं वस्ती करतील. फार थांबलो तर जिवावर बेतेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मी आधी "शी!" म्हटलं, खोटं कशाला बोलू. गल्लीत तर लोकांनी नाकाला पदर लावला. पण अडचण वेगळीच निघाली. देणारा माणूस धडधाकट हवा, अँटिबायोटिक अलीकडं घेतलेलं नको. बालाजीनं नुकत्याच दाढेसाठी गोळ्या घेतलेल्या, तो बाद. सविताचा भाऊ गावाहून धावत आला, तर त्याच्या रक्तात काविळीचा दोष निघाला. बालाजी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसला आणि खिडकीकडं तोंड करून रडायला लागला. अण्णांनी सवयीनं प्रश्न विचारला आणि पोरानं सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी म्हणे बस बाजूला घेतली आणि मागं वळून म्हणाले, "आरं, मग मी कशाला हाय?"

रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं, डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून प्रश्न विचारले. आपल्या पोटाबद्दल इतक्या आस्थेनं कुणीतरी विचारतंय, ह्याचाच त्या माणसाला आनंद. सगळं चोख निघालं. पेढे वाटले हो त्यांनी गिरणीत! आणि मग पथ्य सुरू. बाहेरचा चहासुद्धा बंद. त्यांची ज्वारी दळायच्या आधी जातं झाडून घ्यायचं, अशी मला ताकीद. मी म्हटलं, अण्णा, गरोदर बाईसुद्धा एवढं करत नाही. तर म्हणाले, "वैनी, दुसऱ्याच्या घरी जित्राबं नांदायला धाडायची, ती काय रोडकी धाडायची व्हय?"

ठरल्या दिवशी सकाळीच आम्ही हॉस्पिटलात गेलो. सविताचं आतडं धुऊन तयार ठेवलेलं, नळी तयार, डॉक्टर तयार. नर्सबाईंनी अण्णांच्या हातात डबा दिला. अण्णा ऐटीत आत गेले. बराच वेळ गेला. बाहेर आले ते घामाघूम, डबा रिकामा.

जन्मभर ज्या माणसानं साऱ्या जगाला विचारलं, त्याचंच ऐन वेळी अडलं. परत आत गेले, परत तसेच आले. थंडगार एसी, चकचकीत कमोड, आणि बाहेर सगळे वाट बघतायत. एक तरुण डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन विचारून जायचा, "झालं का?" अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. गरम पाणी पाजलं, जिने चढवले, उतरवले. शेवटी ते बाकावर बसले आणि मला म्हणाले, "वैनी, पोरीचा घात केला मी." डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात सविताचा निरोप आला, अण्णांना आत बोलवा. मी बरोबर गेले. ती पोर उशीला चिकटलेली, बोलायलाही ताकद नाही. हळूच म्हणाली, "अण्णा, नाही झालं तर पुन्हा कधी करू. तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?"

जिच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता, ती हे विचारत होती. अण्णांना असं शेवटचं कुणी कधी विचारलं होतं, देव जाणे. म्हणाले, न्हाई खाल्लं. तिनं बालाजीला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं खालून पोळी-भाजी आणि चहा आणला. अण्णांनी तिच्यासमोर बसून सावकाश खाल्लं, शेवटचा घोट घेतला आणि एकदम उठून पळाले. नर्सबाईंच्या हातात डबा देताना म्हणाले, "घ्या. ताजं हाय." मी तिथं हसले आणि रडलेही.

ही काही पी हळद अन् हो गोरी अशी गोष्ट नव्हे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. पण जुलाब हळूहळू थांबले आणि पुन्हा उलटले नाहीत. मग प्रश्न खाण्याचा. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी थोडं थोडं, वेळेवर, मऊ खायला सांगितलेलं. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि ठेचा नेला! त्या बाईंनी असं झापलं, असं झापलं, की अण्णा मान खाली घालून परत आले. पण राग धरला नाही. बाईंनी सांगितलं तसं भाताची पेज, नंतर मूगडाळीची खिचडी, नंतर कुठं नाचणीची आंबील, असं रोज ड्युटीवर जायच्या आधी दारात ठेवून जायचे. दार वाजवून विचारायचे, "जित्राबं कशी हायती?" सविता आतून सांगायची, "मजेत आहेत, अण्णा."

आता ती चांगली भरली आहे. माझ्या गिरणीत दळण उचलून देते.

मध्यंतरी अण्णांचे एक चुलते वारले. अण्णा सरळ सविताच्या दारात गेले. मी दळणाचे पैसे घ्यायला तिथंच होते. ते म्हणाले, "पोरी, आपल्याला सुतक हाय. देवाला दिवा लावू नगंस."

बालाजी हसायलाच लागला. मी म्हटलं, अण्णा, काहीतरीच काय? तिचा तुमच्या भावकीशी संबंध काय? ते म्हणाले, संबंध कसा नाही, माझं तिच्या पोटात नांदतंय, वाढतंय, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. रक्ताच्या नात्यात तरी दुसरं काय असतं?

मला राग आला, आणि तो अण्णांवर नव्हता. मी ह्याच गावची सून, मला सगळं ठाऊक आहे. जमिनीच्या वाटणीत अण्णांनी विधवा चुलतीच्या बाजूनं खरं सांगितलं, तेव्हा ह्याच चुलत्यानं सगळ्या भावकीला ह्यांच्याशी सुतक तोडायला लावलं, म्हणजे एकमेकांच्या मयताला जायचं नाही, सुतक पाळायचं नाही. मयताचा निरोपसुद्धा कुणी दिला नव्हता. अण्णांना रस्त्यावर कळलं. मी फटकन बोलले, की ज्यांनी तुम्हाला तोडलं त्यांचं सुतक तुम्ही का धरता? आणि ह्या पोरीला कशाला धरायला लावता?

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, मी गेलो तर एका बी घरातला देवापुढला दिवा थांबायचा न्हाई. म्हनलं, पोरीला आत्तापासनं सवय असावी."

बालाजीचं हसू मावळलं. सविता उठली. देव्हाऱ्यात निरांजन लावायला घेतलं होतं, ते तिनं उचलून फळीवर ठेवलं. देवांवर स्वच्छ कपडा झाकला. मग पदर खांद्यावर घेऊन अण्णांसमोर येऊन बसली.

"आपल्यात किती दिवस धरतात, अण्णा?"

अण्णांच्या आधी मीच सांगितलं, दहा.