चाळीस मिनिटांचे प्रमाण

दिवे लागल्यानंतर घरातून दही किंवा विरजण द्यायचे नाही, ही तुळजापूरच्या शामलाबाईंची रीत होती. शेजारणीला नाही म्हणायचे नाही, ही दुसरी. या दोन रीतींतून त्यांनी वाट काढली होती. शेजारीण आली की फ्रीज उघडायचा आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. आपण द्यायचे नाही, तिने घ्यायचे.

शनिवारी सात वाजता महानंदाकाकूंनी याच पद्धतीने विरजण नेले. सात चाळीसला शामलाबाईंच्या पुण्याहून आलेल्या लेकीने, अक्षराने फ्रीज उघडला, तेव्हा विरजण जागेवर होते. तिचे पीएच.डी.चे संशोधन जागेवर नव्हते.

ते संशोधन एका पांढऱ्या डबीत मावत असे. कापडाच्या रंगाचे सांडपाणी क्लोरीनशिवाय स्वच्छ करणारे एन्झाइम. निसर्गात नसलेले, संगणकावर रचलेले आणि बारीक पांढऱ्या कणांवर बसवून थोड्या पाण्यात ठेवलेले. तीन वर्षांत सव्वीस रचना फसल्या होत्या. डबीवर ‘२७’ लिहिले होते. सोमवारी तामलवाडीजवळच्या एका टॉवेल रंगवण्याच्या कारखान्यात त्याचे प्रात्यक्षिक होते. ते जमले तर खऱ्या सांडपाण्यावर काम करायची परवानगी मिळणार होती. न जमले तर अठ्ठाविसावी रचना.

“आई, माझी डबी कुणाला दिलीस?”

“मी कुठं काय दिलं? मी पाठ केली होती.”

“मग कुणी नेली?”

“ते मला कसं दिसणार?”

अक्षरा शेजारी धावली. महानंदाकाकू पातेल्यावर ताट झाकून, त्यावर शाल गुंडाळून निवांत बसल्या होत्या. उद्या पाहुणे होते आणि कढीचा बेत होता.

“काकू, डबीत काय होतं ते बघितलं नाही का?”

“बघितलं की. पातळ हुतं जरा. पर वर नंबर हुता. म्हणलं, पुण्याचं विरजण असंल. तिथं समद्यालाच नंबर असत्यात.”

“सगळं घातलंत?”

“दोन लिटरला येवढं लागतंच. डबी धुऊन ठिवलीय, घिऊन जा.”

“दूध किती गरम होतं?”

“बोट बुडवून एक, दोन, तीन मोजलं. साव्या आकड्याला काढावं लागलं. थंडीत तसंच लागतं.”

हे एकक अक्षराच्या परिचयाचे नव्हते. पण निसर्गातील बरीच एन्झाइमे असल्या दुधात तग धरत नाहीत, हे तिला ठाऊक होते. मागोमाग आलेल्या शामलाबाईंनी पातेल्यात पाहिले.

“ते विरघळतं का गं?”

“नाही. कण आहेत.”

“मग रडतेस काय? श्रीखंडाचं फडकं आण. चारपदरी कर.”

दूध फडक्यातून गेले आणि फडक्यात चमचाभर पांढरा गाळ उरला. दूध पिण्यालायक नाही, असे अक्षराने सांगितले.

“दूध टाकत नसत्यात,” महानंदाकाकू म्हणाल्या.

“काकू, ते यंत्रावर बनवलेलं आहे.”

“मग कडीपत्त्याला घाल. पर तीन वर्सं शिकून साधं दही लागत न्हाय म्हंजी कमालच हाय.”

शामलाबाईंनी दुसरे दोन लिटर दूध पाठवून दिले. या वेळी काकूंनी योग्य डबी घेतली. शामलाबाईंनी किंचित मान वळवून खात्री केली होती.

घरी अक्षराने गाळ थंड पाण्याने सात वेळा धुतला. प्रात्यक्षिकासाठी आणलेले निळे पाणी दोन काचेच्या पेल्यांत ओतले आणि दोन्हींत ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रावणाचे थेंब सोडले. गाळ मात्र एकातच टाकला. दुसरा पेला तुलनेसाठी. दहा मिनिटांत एक पेला पाण्यासारखा स्वच्छ झाला, दुसरा निळाच राहिला. एका चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून तिने ती आणखी दोनदा केली आणि मगच जेवायला बसली.

सोमवारी कारखान्याचे व्यवस्थापक वीरभद्र यांनी निळे पाणी स्वच्छ होताना शांतपणे पाहिले. असे पेले त्यांनी पूर्वीही पाहिले असावेत.

“आमचं पाणी असं नसतं, मॅडम. गरम असतं, ओशट असतं. त्यात हे टिकेल का?”

“गरम सायीच्या दुधात टिकलंय. हे तेच आहे.”

वीरभद्र प्रथमच खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी वही उघडली.

“दुधात किती वेळ ठेवलं होतं?”

“चाळीस मिनिटं.”

“चाळीसच का?”

अक्षरा प्रामाणिक होती. “तेवढ्या वेळानं मला कळलं.”

वीरभद्रांनी मान डोलावली, ‘चाळीस मिनिटे’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि परवानगीवर सही केली.

आता त्या कारखान्यात कोणताही नवा पदार्थ आला की तो गरम, ओशट पाण्यात बरोबर चाळीस मिनिटे ठेवून तपासतात. मागच्या महिन्यात एका नव्या केमिस्टने पंचेचाळीस मिनिटे ठेवला. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आहे.