हातचा एक

पिशोरकर सरांना कुणी वेळ विचारली की ते आधी मनगटावरचं घड्याळ बघत, मग भिंतीवरचं, मग शेजारच्या टेबलावर विचारून घेत आणि एवढं झाल्यावर सांगत, "ताळा जमला. साडेदहा." तोवर साडेदहा वाजून गेलेले असत, ही गोष्ट वेगळी.

आमच्या कचेरीत जिल्ह्याच्या पावसाचे आकडे जमा होत. कन्नड, वैजापूर, पिशोर, जिथं जिथं पर्जन्यमापक होता तिथून. सर तिथले सगळ्यांत जुने आकडेतज्ज्ञ आणि मी नव्यानं लागलेली संगणकवाली. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला कायम "जाधव मॅडम" म्हणायचे. दुष्काळाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. पाऊस नाही म्हणजे पावसाच्या कचेरीला सुट्टी, असं लोकांना वाटतं. उलट दुष्काळात आकडे मागणारे चौपट होतात आणि प्रत्येकाला ते कालच हवे असतात.

शहर बायपास ओलांडून पसरत चाललं होतं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत होतं. गारखेडा भागात सरांच्या घरी टँकर यायचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात माणूस एकच, तरी टँकरच्या आधी आणि नंतर सर हौदात काठी बुडवून पाणी मोजत. टँकरवाला ओरडायचा, "सर, लवकर बुडवा काठी! पुढं लई गल्ल्या राहिल्यात!" सर शांतपणे दोनदा बुडवत.

त्यांची आणखी एक तऱ्हा मला पहिल्याच आठवड्यात कळली. चहा आला की सर स्वतः कप घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी येत आणि गप्प उभे राहत. "घ्या" नाही, "ठेवू का" नाही. आपण पेन खाली ठेवलं की मगच कप टेबलावर. मला वाटलं, माझ्या चुका मोजताहेत. शेवटी शिपाई हकीमभाईंनी कानात सांगितलं, "आदत है उनकी. पेन रखो, चाय लो, सवाल नै करना." मग मीही सवाल केला नाही.

कचेरीतला जुना संगणक म्हणजे सरांचा जीव. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावर त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालायचा. सरासरी काय, कुठल्या तालुक्यात किती तूट, सगळं तो काढून द्यायचा. मात्र रोज कामाला लागण्याआधी तो वीस गणितं सोडवून दाखवायचा. या गणितांची उत्तरं संगणक येण्याच्या आधी कुणीतरी हातानं काढून एका लाल कापडी रजिस्टरात लिहिली होती. वीसही जुळली की पडद्यावर "ताळा जमला" असं उमटायचं आणि सर बाह्या सरसावून कामाला बसायचे.

मग नवे संगणक आले. जुना शनिवारी उचलून नेणार, त्याआधी सरांचा प्रोग्राम नव्यावर आणायचं काम माझ्याकडं. मी छापील कागद समोर ठेवून ओळ न् ओळ नव्या पद्धतीनं लिहून काढली. दोन-तीन ओळी मला बिनकामाच्या वाटल्या, त्या गाळल्या. सोमवारी चालवून बघितला. एकोणीस गणितं जुळली, सतरावं नाही.

"पुन्हा बघा," सर म्हणाले. "मशीन नवं आहे. त्याला आपल्याकडचा पाऊस काय माहीत?"

मी पुन्हा बघितलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. साहेबांनी बजावलं, की सरांची सही झाली तरच हा प्रोग्राम नव्या मशीनवर राहील, नाहीतर बाहेरून तयार मागवू. म्हणजे सरांची वीस वर्षं भंगारात. पण वीसचा ताळा जमल्याशिवाय सर सही करतील तर शपथ. तासातासाला येऊन विचारायचे, "जाधव मॅडम, जमला?" आणि मी नाही म्हटलं की माझ्याकडं असे बघायचे, जणू मीच पाऊस अडवून धरलाय.

शुक्रवारी दुपारी वैतागून मी सतरावं गणित पेन्सिलीनं सोडवलं. पिशोरचा जुलैचा पाऊस. उत्तर आलं ते नव्या मशीनचंच. रजिस्टर उघडलं. सुबक, गोल अक्षर. बेरजेच्या कडेला बारीक लिहिलं होतं, "हातचा १". पुढच्या रांगेत तो एक मिळवायचाच राहिला होता.

मी नाचत सरांकडं गेले. "सर, सापडलं! रजिस्टरच चुकलंय!"

सरांनी रजिस्टराकडं बघितलंसुद्धा नाही. "माहीत आहे. सतरावं आलं की ताळा न करता पुढं जा, अशी एक ओळ होती. तुम्ही गाळली."

मला रागच आला. "मग पाच दिवस सांगितलं का नाही?"

"वाटलं, तुम्हाला सापडंल अन् ती ओळ गुपचूप परत घालाल." त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "हे अक्षर सुमनचं. आमच्या घरातलीचं. तेव्हा लग्न कुठलं, इथं नवीच नोकरीला लागली होती, त्या खिडकीपाशी बसायची. मी लई दिवस धीर गोळा करून एकदा विचारलं, चहा घेणार का. ती बेरजेत होती, हातचा धरून. हो म्हणाली, अन् तो एक राहून गेला."

"दुरुस्त करता आला असता, सर."

"चूक तिची नाय, मॅडम. मध्ये बोललो मी."

ती वीस गणितं म्हणजे नुसती परीक्षा, जिल्ह्याच्या आकड्यांना त्यांचा धक्का लागत नव्हता. तरी माझ्या शिक्षणाला ते पटेना. मनाला पटलं. मी ती ओळ जिथली तिथं टाकली.

शनिवारी नव्या पडद्यावर "ताळा जमला" उमटलं. सरांनी सही केली. हकीमभाई जुना संगणक उचलून घेऊन गेले आणि टेबलावर धुळीचा एक चौकोन राहिला.

थोड्या वेळानं सर चहा घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी गप्प उभे राहिले. मी वैजापूरच्या बेरजेत होते. हातचे दोन आधी मिळवले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सर, तुमचाही कप आणा. इथंच बसून घेऊ."

सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. भिंतीवरचं बघितलं नाही. खुर्ची ओढून बसले.