आजोबा, प्रात्यक्षिकासह

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उमाकांतराव केंजळे कोरेगावहून जयपूरला आले, ते नातीला भेटायला. काम एवढंच होतं. नात नऊ वर्षांची, नाव सलोनी. मुलगा अभिजित जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करी, आणि सून नीलिमा सी-स्कीम भागातल्या एका बँकेत होती. उमाकांतरावांच्या पिशवीत एक पितळी डबी होती आणि डबीत पाच सागरगोटे. ते त्यांच्या बायकोचे, रमाबाईंचे. "सलोनीला मी शिकवणार," असं रमाबाई चार वर्षं म्हणत राहिल्या आणि गेल्या दिवाळीत न शिकवताच गेल्या. मग सत्तराव्या वर्षी उमाकांतरावांनी दार लावून, शेजारच्यांना दिसू नये अशा बेताने, स्वतःच सराव केला. आता त्यांना चार उचलून पाचवा झेलता येत होता.

पण सलोनी मोकळी नव्हती. फ्रीजवर दुर्गापुऱ्याच्या 'लोकोन्नती कम्युनिटी कॉलेज'चं उन्हाळी वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पहाटे सहाला श्वासोच्छ्वास (पायाभूत), मग रोबोटिक्स, मग आत्मविश्वास, मग जेवण (नेतृत्वासह). दुपारी 'कंटाळा-व्यवस्थापन' म्हणून एक तास होता. त्यात मुलांनी काही न करता बसायचं आणि किती नीट बसलो त्याचा अहवाल लिहायचा. सलोनी रात्री घरी येई ती ताटावरच पेंगायला लागे.

"आबा, आज टाइम नाहीये," सकाळी बूट चढवता चढवता ती म्हणाली. "आज आत्मविश्वासची टेस्ट आहे. मला खूप डर लागतोय."

ती गेल्यावर उमाकांतरावांनी चष्मा लावून वेळापत्रक नीट वाचलं. मंगळवार, गुरुवार, दुपारी चार : 'आजी-आजोबा : एक परिचय'.

"नीलिमा, हे काय आहे गं?"

"तो फार छान कोर्स आहे, बाबा. मुलांचं आजी-आजोबांशी नातं तुटत चाललंय ना, त्यावर आहे."

"अगं, पण मी इथे बसलोय."

"म्हणूनच तर घातलं! तुम्ही येणार म्हटल्यावर तिची काही तयारी नको?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच."

"हो, ही म्हण त्यांच्या मराठी तुकडीला तिसऱ्या युनिटला आहे," नीलिमा म्हणाली आणि बँकेत गेली.

उमाकांतरावांनी उन्हातान्हात रिक्षा केली आणि थेट कॉलेज गाठलं. अभ्यासक्रमाच्या समन्वयक संपदा मॅडम मूळच्या सांगलीच्या निघाल्या. कुलरसमोर फायली उडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक फायलीवर एकेक स्मृतिचिन्ह ठेवलं होतं. मी एका मुलीचा आजोबा आहे, एवढं उमाकांतरावांनी सांगताच त्यांचे डोळे भरून आले.

"काका, तुम्ही देवासारखे आलात. आजोबांची फार टंचाई आहे हो. आत्तापर्यंत स्लाइडवरच दाखवत होतो. प्रात्यक्षिकाला खरा मिळतच नाही."

"मग मी मिळालो."

"पुरावा?"

"कसला?"

"मतलब, आजोबा असल्याचा."

इथे दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण उमाकांतरावांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या पेन्शन विभागात काढली होती. समोर खोकत उभ्या असलेल्या माणसाला "हयातीचा दाखला आणा, मग बघू" असं सांगून त्यांनी कित्येकदा परत पाठवलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नियमाचा मान राखणं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. अभिजितच्या जन्माचा दाखला, सलोनीच्या जन्माचा दाखला, आणि दोन्हींमधला अभिजित एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं सगळं त्यांनी आठ दिवसांत जमवलं. त्यांची नेमणूक झाली. पद : अध्ययन साहित्य (सजीव).

गळ्यात ओळखपत्र अडकवून ते पहिल्या दिवशी वर्गात गेले, तर समोर सलोनी नव्हती. कुणी निनाद नावाचा गोरागोमटा मुलगा बसला होता.

"स्वतःची नात चालत नाही, काका," संपदा मॅडम समजुतीने म्हणाल्या. "हितसंबंध येतात. तुम्ही तिचे लाड करणार. मग मूल्यमापन निष्पक्ष कसं राहील?"

"आजोबांनी लाड नाही करायचे तर काय करायचं?"

"करायचे ना! चार पस्तीस ते चार चाळीस."

सलोनी शेजारच्या वर्गात होती. मध्ये काचेची भिंत होती. तिच्या वाट्याला त्याच आठवड्यात नेमलेले, मनोहरराव म्हणून विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ आले होते, आणि निनाद हा त्या मनोहररावांचा सख्खा नातू होता.

सागरगोट्यांची डबी सुरक्षा समितीने ताब्यात घेतली. वनस्पतिजन्य कठीण वस्तू, गिळण्याचा धोका, असा शेरा मारून ती कपाटात गेली आणि उमाकांतरावांना स्पंजचे पाच चेंडू देण्यात आले. ते इतके सावकाश खाली येत की झेलण्यात काही राम उरत नसे. पुस्तिकेप्रमाणे आधी खेळ, मग आठवण एक, मग डोक्यावरून हात एकदा, पालकांच्या लेखी संमतीने. आठवणीच्या वेळी उमाकांतरावांनी रमाबाईंची गोष्ट सांगितली. पाऊणशे वर्षांची झाले तरी नातीबरोबर खेळेन म्हणायची, असंही ते म्हणाले. निनादने वही उघडली.

"सर, मतलब, हे एग्झाममध्ये येणार?"

दुसऱ्या दिवशी मेमो आला. आठवण आनंददायी असावी, मृत व्यक्तींचा वापर टाळावा.

चार पस्तीस झाले की काचेपलीकडे मनोहरराव सलोनीच्या डोक्यावरून हात फिरवत. उमाकांतरावांना ते बघवत नसे, आणि नजर हटवताही येत नसे. त्यांना त्या भल्या माणसाचा अक्षरशः राग येई. मग त्यांच्या लक्षात आलं की मनोहररावही सलोनीच्या डोक्यावर हात ठेवून निनादकडेच बघत असतात.

तास संपला की दोघे म्हातारे व्हरांड्यात पाणी प्यायला भेटत.

"कशी आहे हो आमची?" उमाकांतराव विचारत.

"हुशार आहे. हसताना तोंडावर हात ठेवते."

"तिच्या आजीची सवय ती."

"आणि आमचा? काही बोलतो का?"

"बोलतो की. त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणाला."

"अस्सं? मला ठाऊकच नव्हतं," मनोहरराव म्हणाले आणि पेला तसाच हातात धरून उभे राहिले.

शेवटी दोघांनी मिळून नातवंडांची अदलाबदल व्हावी असा अर्ज केला. अर्ज समितीकडे गेला. समितीची बैठक जुलैत होती आणि अभ्यासक्रम जूनमध्ये संपत होता.

त्या रात्री उमाकांतरावांचा संयम सुटला. "अभिजित, हा काय पोरखेळ चालवलाय? माझी नात मला काचेतून बघायला लागते! सुट्टीत पोरांनी आजोबांपाशी राहायचं की क्लासात?"

अभिजितने लॅपटॉपवरून मान वर केली. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"मी राहिलो होतो का, बाबा? टायपिंग, हिंदीच्या परीक्षा, स्कॉलरशिपचा क्लास. आजोबा गेले तेव्हा मी गणिताच्या शिबिरात होतो. त्यांनी माझं नाव घेतलं होतं म्हणे. तुम्हीच म्हणालात, पोराचं शिबिर अर्धवट राहायला नको."

उमाकांतरावांकडे यावर कसलाही दाखला नव्हता. ते उठून आपल्या खोलीत गेले.

जूनच्या शेवटी प्रमाणपत्रं वाटली गेली. सलोनी धावतच घरी आली. "आबा, माझं आजोबा झालं! ए प्लस! पूर्ण बॅचमध्ये फर्स्ट!"

त्यांना खरंच आनंद झाला. त्याच दिवशी कॉलेजने तीन सह्या घेऊन डबी परत केली होती. ती उघडून त्यांनी पाचही सागरगोटे सतरंजीवर टाकले. इतक्या दिवसांनी खऱ्या बियांचा खणखणीत आवाज झाला. "ये, बस. आजीचा खेळ शिकवतो."

सलोनीने घड्याळाकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे, अगदी प्रेमाने. पाचव्या युनिटमध्ये शिकवतात त्याच प्रेमाने.

"आबा, तो चॅप्टर झाला ना. उद्यापासून शाळा आहे." तिने वाकून नमस्कार केला, बरोबर तीन सेकंद, आणि ती दप्तर भरायला गेली.

परतीच्या गाडीत उमाकांतरावांनी कॉलेजचा अभिप्राय-फॉर्म भरला. नातवंडाची वागणूक : उत्कृष्ट. सोयी : समाधानकारक. शेवटचा प्रश्न होता, हा अभ्यासक्रम आपण आणखी कोणाला सुचवाल? आधी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मग खाली जागा उरली होती म्हणून तिथे तुमचं लिहिलं.

तेव्हा कॉलेजातून फोन येईल. गावाकडून घरच्यांचा फोन आला की ठेवता, तसा 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणून ठेवू नका. जागा मर्यादित आहेत.