सकाळचं पेट्रोल

पिंप्राळ्याचे गिरधरनाना त्या दिवशी सकाळी पंपावर गेले आणि पेट्रोल न भरताच परत आले. त्याच संध्याकाळी धुळ्यात एक लग्न खोळंबलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे नानांना अजूनही पूर्णपणे मान्य नाही.

नाना कचेरीत हेडक्लार्क होते. पण स्कूटरच्या बाबतीत शास्त्रज्ञ. उन्हात पेट्रोल फुगतं, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. मे महिन्यात जळगावात भरदुपारी पेट्रोल भरणं म्हणजे पैसे मोजून वाफ विकत घेणं. म्हणून भरायचं ते सकाळी, थंड असताना. पण त्या वेळी पंपावर टँकर रिकामा होत असेल, तर तेव्हाही भरायचं नाही, कारण तळाचा गाळ ढवळून वर येतो. शिवाय स्कूटर उभी केली रे केली की पेट्रोलचा कॉक बंद. ("शेगडीवरच्या दुधाकडे एवढं लक्ष दिलं असतं तर आजवर एक थेंब उतू गेला नसता," असं सुनंदाबाई म्हणत. नाना ते प्रशंसा म्हणून घेत.)

तर त्या दिवशी सकाळी पंपावर नेमका टँकर उभा. नाना परत आले. स्कूटर हलवून, नारळातलं पाणी ऐकावं तसा त्यांनी टाकीला कान लावला आणि म्हणाले, "पुरेल. शिवाय रिझर्व्ह आहेच."

"अहो, एस.टी.नं जाऊ या ना," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मुलीचा मामा एस.टी.नं जातो का?"

हा मुद्दा बिनतोड होता. नानांच्या बहिणीच्या, पुष्पाबाईंच्या मुलीचं, मंदाचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. मुलीला हात धरून बोहल्यापर्यंत आणायचा मान मामाचा, आणि सख्खा मामा एकच. नाही म्हणायला झुलाल नावाचा एक चुलतमामा होता. सख्खा मामा पोचलाच नाही तर असावा म्हणून तो प्रत्येक भाचीच्या लग्नाला फेटा बांधूनच येई. आजवर त्याची वर्णी लागली नव्हती. आजही ती लागू द्यायची नाही, हा नानांचा निर्धार होता.

जेवून निघाले. एरंडोलच्या अलीकडे पहिला पंप आला.

"अहो, पंप!"

"ऊन बघ."

पारोळ्यात दुसरा आला. सुनंदाबाईंनी नुसतीच नवऱ्याची पाठ ढोसली. नानांनी मान न वळवता वेग वाढवला.

पारोळा मागे पडला आणि स्कूटरनं दोन आचके दिले. नाना शांतपणे खाली वाकले, रिझर्व्हचा खटका फिरवायला. तो फिरेना. कारण तो रिझर्व्हवरच होता.

"हा कोणी फिरवला?"

"परवा बाजारातून येताना बंद पडली होती, तेव्हा तुम्हीच नाही का फिरवलात?" सुनंदाबाई उतरून पदरानं वारा घेत म्हणाल्या. "फिरवलात आणि मला म्हणालात, 'बघ, अशा वेळी डोकं शांत ठेवायचं असतं.'"

ढकलत ढकलत ते एका रसवंतीपाशी आले. तिथे निंबाखाली एक जुनी अँबॅसिडर बॉनेट उघडून उभी होती. मंडळी आत रस पीत बसलेली. ड्रायव्हर एकटाच डबडं घेऊन रेडिएटरला पाणी पाजत होता. त्याचं नाव भटू.

नानांनी अडचण सांगितली. भटू भला माणूस. डिकीतून रबराची नळी काढून तो म्हणाला, "घ्या काका बाटलीभर. पुढच्या पंपापर्यंत पोचाल."

दुसऱ्या कोणी आभार मानून नळी घेतली असती. नानांनी विचारलं, "पेट्रोल कधी भरलंय?"

"सकाळी. पंप उघडल्या उघडल्या. भुसावळला."

नानांच्या चेहऱ्यावर तीर्थक्षेत्री पोचल्याचा भाव आला. "सकाळचं! सुनंदा, सकाळचं पेट्रोल आहे!"

"अहो, भुसावळहून आलेत," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. "आपला नवरदेव दीपनगरचा, भुसावळजवळचाच. विचारा तरी, कुठल्या लग्नाला चाललेत ते."

"मे महिना आहे. या रस्त्यावरची प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या लग्नालाच चाललीय."

भटू पाणी आणायला विहिरीकडे गेला. नानांनी नळी तोंडात धरून ओढली. पहिला घोट तोंडात आला, दुसरा नव्या सफारीवर सांडला. मग धार लागली. बाटलीभर झालं, तेव्हा नळी काढायला हवी होती. पण असं थंड, निवळ, गाळाविना पेट्रोल पुन्हा कुठे मिळणार? नानांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. भटू आल्यावर त्याच्या खिशात बळेच नोट कोंबली आणि शिकवलं, "गाडी उभी केलीस की काटा बघत जा."

"काटा बंदच आहे, काका," भटू म्हणाला. "सकाळी मोजून भरलं, ते पोचेपर्यंत पुरतं."

उन्हं कलायच्या आत नाना मांडवात हजर झाले. झुलालनं त्यांना पाहिलं आणि त्याचा फेटा जरा खाली आल्यासारखा वाटला.

"नाना, तुम्ही आलात का?" तो म्हणाला. "मी म्हटलं, काय चिंता! मी शे ना मामाच्या जागी!"

नानांनी फेटा बांधला. मंदा नटून तयार. वऱ्हाडाची बस कधीच आलेली. फक्त नवरदेवाच्या गाडीचा पत्ता नव्हता. सूर्य खाली येऊ लागला. मंदाचे वडील फाटकापर्यंत जाऊन परत येत. पुष्पाबाईंनी देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते.

"निष्काळजीपणा!" नाना चारचौघांत म्हणाले. "लग्नाची गाडी. निघताना टाकी बघायला नको? मी असतो तर—"

तेवढ्यात एका ट्रकमधून भटू उतरला. घामानं निथळत. "गाडी गावाबाहेर बंद पडलीय. पेट्रोल खलास. नवरदेव रस्त्यावर बसलाय." मग त्याची नजर नानांवर गेली. "हेच ते काका! बाटलीभर सांगितलं होतं!"

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारला, त्याचा आवाज मांडवभर ऐकू गेला.

"जवळच पंप आहे," मंदाचे वडील दात आवळून म्हणाले. "डबा घ्या आणि पळा."

"या वेळचं?" नाना दचकले. "दिवसभर तापलेलं? भाचीच्या नवऱ्याच्या गाडीत?"

"नाना!" पुष्पाबाई किंचाळल्या.

पण नानांचा निर्धार झाला होता. ज्याचं सकाळचं घेतलं, त्याला सकाळचंच परत द्यायचं. भटूला मागे बसवून त्यांनी स्कूटर पिटाळली. रस्त्याकडेला बाशिंग मांडीवर घेऊन बसलेल्या नवरदेवाला नमस्कार केला, आणि त्याच्यासमोर नळी पुन्हा तोंडात धरली. या वेळी पहिला घोट सफारीवर सांडला आणि दुसरा फेट्यावर. मग पुढे स्कूटर, मागे अँबॅसिडर अशी वरात मांडवात शिरली, तेव्हा गोरज नुकतीच लागत होती.

नानांनी मंदाचा हात धरला. मान वाचला! दोन पावलांवर मंदानं पदर नाकाला लावला. "मामा, कसला वास येतोय?"

"सकाळचं आहे, बेटा," नाना अभिमानानं म्हणाले.

मंगलाष्टकं झाली. भटजींनी होमाची तयारी केली, समिधा रचल्या, काडी ओढणार तोच हात थांबवून नाक वर केलं. एकेकाचा वास घेत घेत त्यांची नजर नानांवर येऊन ठरली.

"मुलीचे मामा मांडवाबाहेर," ते म्हणाले. "चांगले लांब."

पुष्पाबाईंच्या घरी त्या लग्नाचा मोठा फोटो अजून भिंतीवर आहे. मधोमध होम, नवरानवरी, आणि नवरीशेजारी मामाच्या जागी ताठ मानेनं बसलेला झुलाल. नाना अगदी कडेला, मांडवाच्या बाहेर, स्कूटरला टेकून उभे. कॉक बंद केलाय की नाही, हे वाकून बघताहेत. आणि त्यांच्या पायाशी, पंपावर असते तशी, वाळू भरलेली एक लाल बादली.

ती सुनंदाबाईंनी आणून ठेवली होती.