साहेब, तेवढा पाइप धरा

बाबांचे दोन दिवस, फार तर तीन, असं डॉक्टर सांगून गेले आणि त्याच सकाळी बाबांनी धोशा लावला, धाकटीला बघायचंय. धाकटी परदेशात. तिला विमान मिळेना आणि घरात फोनला रेंज मिळेना. घर पडलं टेकडीच्या पोटाशी. संडासाच्या खिडकीत उभं राहिलं तरच पलीकडचा हॅलो ऐकू यायचा. आता मरणाऱ्या माणसाला संडासात नेऊन बसवायचं का? म्हणून थोरल्याने अँटेनावाल्याला बोलावलं. नऊ वर्षं बाबांचं सगळं थोरल्यानंच काढलं होतं. त्यात हे आणखी एक.

अँटेनावाल्याने बाबांच्या खोलीत इंटरनेटचा डबा ठेवला, वायर गच्चीवर नेली आणि डोळे बारीक करून लांब पाहिलं.

"टॉवर तिकडं आहे. मधे शेजाऱ्यांची टाकी येतेय."

"मग काय, टाकी हलवायची?"

"अँटेना उंच घ्यायची. लांब पाइप लावू."

लांब पाइप कठड्याला ठोकायचा, तर कठडा म्हणजे नुसता भुगा. ड्रिल लावलं की भोक राहायचं बाजूला, वीटच सुटून हातात यायची. तिसऱ्या विटेनंतर त्याने कठड्याचा नाद सोडला. जिन्याच्या भिंतीशी पाइप उभा करून थोरल्याच्या हातात दिला आणि खाली ओरडला, "डब्यावर दिवे किती?"

"दोन!" बाबांच्या खिडकीतून थोरल्याची बायको.

"साहेब, जरा डावीकडे फिरवा. आता?"

"एक!"

"आता?"

"पाच! पाचही लागले! हलू नका!"

थोरला हलला नाही. अँटेनावाल्याने पिशवी उपडी केली, तर भिंतीला आवळायचे क्लॅम्प निघाले बारीक पाइपचे. "साहेब, तेवढा पाइप धरा. जाडा क्लॅम्प घेऊन हा आलोच."

हा आलोच म्हणून गेलेला माणूस आजवर कुणाकडे लवकर परतलाय?

"लागला हो फोन!" खालून बायको ओरडली. "दिसतेय! अगदी समोर बसल्यासारखी!"

थोरल्याला खरंच बरं वाटलं. पण वारा सुटला होता. पाइप बोटभर हलला की खालून "गेली, गेली!" आणि सरळ केला की "आली!" शेजारी टाकीत डोकावायला वर आला होता, त्याने विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही. उभा आहे."

शेजारी मान डोलावून निघून गेला. थोरल्याने खिडकीच्या दिशेने मान वाकडी केली. "काय बोलतायत गं?"

"ती रडतेय. बाबा तिला म्हणतायत, किती बारीक झालीस."

नऊ वर्षांत बाबा त्याला एकदाही बारीक झालास म्हणाले नव्हते. तो झालाही नव्हता म्हणा, पण म्हणायला काय जातं? दंड भरून आले, नाकावर माशी बसली, तीही त्याने बसू दिली.

मग बायकोचा आवाज बदलला. "अहो, बाबा विचारतायत, तुम्ही कुठं आहात."

"सांग, वर आहे!"

"खाली बोलावतायत."

"आणि पाइप कोण धरणार? फोन बंद पडेल!"

खाली बायको बाबांशी काहीतरी बोलली. मग, "ते म्हणतायत, पडू दे. तुम्ही या."

थोरल्याला पटेना. ही आपली समजूत घालतेय, दुसरं काय! सकाळपासून धाकटी-धाकटी करून ज्यांनी घर डोक्यावर घेतलं, ते म्हणतील पडू दे? आणि फोन परत लागलाच नाही तर? बहिणीला जन्मात तोंड कसं दाखवायचं?

"पाचच मिनिटं थांबा म्हणावं! क्लॅम्प येतोय!"

बायको आणखी दोनदा ओरडली. दुसऱ्या वेळी ती रडत होती. त्याने पाइप आणखी घट्ट धरला.

अँटेनावाला आला, चारही नट आवळले, पाइपला लटकून पाहिलं. "आता वादळ आलं तरी हलत नाही." ते ऐकायला थोरला थांबला नाही. दोन-दोन पायऱ्या टाकत तो खाली धावला.

बाबांचे डोळे बायकोने मिटले होते. हात अजून कोमट होता; थोरल्याने तो हातात घेतला आणि तसाच खाली बसला. उशीला टेकवलेल्या फोनवर धाकटी दिसत होती, जराही न अडखळता, गालावरचा थेंबन् थेंब स्वच्छ.

"दादा," ती हुंदके देत म्हणाली, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते रे. एवढं काय महत्त्वाचं काम काढलं होतंस वर?"