मिश्रीमान्य, तंबाखूमुक्त

तव्यावरी भाजियेली, काळी काळी मिशिरी गं,
बोटावरी घेता घेता, उजाडलं शिवारी गं...

लहानपणी पांघरुणातून तोंड बाहेर काढायच्या आतच हा आवाज कानावर यायचा. शेजारची पारूआक्का चुलीपुढं बसून तंबाखू भाजायची आणि गायची. धुरानं आमचे डोळे चुरचुरायचे, पण त्या गळ्यापायी आम्ही ते सोसायचो. यावरून एक सत्य सांगतो: आरोग्याची सुरुवात घरातून होते. सरकार तिथं नंतर पोहोचतं, आणि बोर्ड सरकारच्याही आधी.

आमच्या गावात बोर्ड पोहोचला आहे. निपाणीकडून येताना शाळेच्या फाटकावरच दिसतो: ‘तंबाखूमुक्त शाळा, तंबाखूमुक्त गाव’. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. दोन्ही भाषांत सारखाच खरा. गावाला तिन्ही बाजूंनी तंबाखूचीच शेतं आहेत. म्हणजे बोर्डाचं यश केवढं, ते समजून घ्यावं.

शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा मारायची आणि तिच्या आत तंबाखू विकू द्यायची नाही, असा नियम आहे. आम्ही रेषा मारली. वाटेत भरमूचं दुकान आलं. भरमू शाळा समितीचा सभासद, शिवाय रंगाचा डबा त्यानंच फुकट दिलेला. तेव्हा रेषा दुकानाला मान देऊन अलीकडूनच वळवली. (रेषा सरळ असावी, असं परिपत्रकात कुठंही म्हटलेलं नाही.)

मग प्रश्न आला मिश्रीचा. परगावच्या वाचकांसाठी सांगतो: तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईतोवर भाजून कुटली की मिश्री होते. बायका ती बोटावर घेऊन दातांना लावतात. सकाळी उठल्यावर, चहाआधी, चहानंतर, शेतात तण भांगलून आल्यावर, आणि एरवीही जीव कुठं रमेनासा झाला की. ही तंबाखू समजावी काय, असा विषय समितीपुढं ठेवला.

“कायदा काय म्हणतोय?” अध्यक्ष मायाप्पाण्णांनी गंभीरपणे विचारलं.

“कायद्याला दात हाईत व्हय?” समितीतल्या एकुलत्या एक महिला सभासद नागुबाई म्हणाल्या. “तंबाखू म्हंजे बाप्ये मळत्यात ती. आमी काय खातोय व्हय? आमी घासतोय. आन् लाकूड जळलं की त्येला राख म्हणताय न्हवं? मग भाजल्यावर ती तंबाखू कशी ऱ्हाईल?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. (ज्यांच्याकडं होतं ते दोघे त्या दिवशी नेमके बेळगावला गेले होते.) ठराव एकमतानं मंजूर झाला: मिश्री हे दंतमंजन असून तिची नोंद ‘वैयक्तिक स्वच्छता’ या सदराखाली करावी.

ठरावाचं फळ लगेच मिळालं. आरोग्य पाहणीत आमच्या गावचे पुरुष दिवसातून एकदा दात घासणारे निघाले (सणवार धरून), आणि बायका पाच-सहा वेळा. इतकी दंतजागृती जिल्ह्यात कुणी पाहिली नव्हती. तंबाखूसेवन शून्य टक्के (पुरुषांना तो प्रश्न बोर्डाखाली उभं करून विचारला होता). पाहणीला आलेल्या साहेबांनी आकडा दोनदा तपासला आणि आमचं अभिनंदन केलं.

गावाचं दुसरं भूषण म्हणजे आमची पारूआक्का. आता ती शाळेत बिसिऊट रांधते, म्हणजे मुलांचं दुपारचं गरम जेवण. गेल्या दिवाळीपासून तिच्या आमटीतलं तिखट गेलं. मुलं कुरकुरली. समितीनं त्याला ‘अल्पतिखट पोषण उपक्रम’ असं नाव देऊन वरती कळवलं. त्याच सुमारास तिनं गाणंही सोडलं. त्याची नोंद ‘शालेय परिसरातील शांतता’ या सदरात झाली. ती स्वतः दुधात कालवलेला भात अगदी बारक्या चमच्यानं खाते, आणि मिश्री लावताना तिच्या डोळ्यांना पाणी येतं. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण पाहिलेल्या गोष्टीसाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. (वाचकांनीही एव्हाना पाहिलं असेल आणि पुढं वाचत राहिले असतील. समितीची पद्धत याहून वेगळी नाही.)

अखेर गावाला ‘आदर्श आरोग्यगाव’ अशी ढाल द्यायचं वरती ठरलं. अट एकच होती. दातांची डॉक्टर येऊन गावाची तोंडं बघणार. त्यात तंबाखूनं बिघडलेलं एक जरी तोंड सापडलं, तरी ढाल नाही आणि बोर्डही उतरणार. डॉक्टर म्हणजे आमचीच करिष्मा. तिचे आजी-आजोबा तंबाखूच्या वखारीत राबले. तिचा दवाखाना बेळगावात टिळकवाडीत आहे.

आदल्या दिवशी मायाप्पाण्णा शाळेच्या स्वयंपाकघरात गेले.

“आक्का, उद्या तुमी चुलीजवळच ऱ्हावा. तोंड दाखवाय म्होरं येऊ नगासा. बोर्ड गेला तर गावाचं नाक जाईल बघा.”

पारूआक्कानं मान हलवली. (समितीनं ती लेखी संमती धरली.)

सोहळा देखणा झाला. मुलांनी खड्या आवाजात तंबाखूविरोधी शपथ घेतली. नेमकी त्याच वेळी कुंपणापलीकडं कुणीतरी मिश्री भाजायला घेतली, आणि पाहुण्यांना शिंका आल्या. शपथ मात्र कुठंही अडखळली नाही.

मग करिष्मा म्हणाली, “तीन बोटं एकावर एक उभी धरा आन् तोंडात घाला. गेली तर झ्याक. तोंड बिघडलं असलं की जात न्हाईत.”

मुलांना हा खेळ लई आवडला. काहींनी चौथंही घातलं.

“आता बायकांनी.”

पदर तोंडावर गेले. पदराआड खुसुखुसु सुरू झालं.

“मॅडम, आमच्या बाया सहा-सहा वेळा दात घासत्यात,” मायाप्पाण्णा घाईनं म्हणाले. “त्यास्नी काय बघायचं?”

“मग तर बरंच की काका. घालूद्यात बोटं.”

कुणी हललं नाही. तेवढ्यात पारूआक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसले आणि सगळ्यांसमोर बोटं तोंडाशी नेली. एक गेलं. दुसरं दाताला टेकून थांबलं.

“आक्का, भात करपतोय आत,” मायाप्पाण्णा म्हणाले.

“करपूद्या.”

करिष्मानं तिची हनुवटी धरली, तोंडात बॅटरी मारली, आणि गाल बाजूला सारून आत पाहिलं. मग हळूच विचारलं, “कवापासनं गं आक्का?”

“दिवाळीपासनं. गालात आतनं पांढरा चट्टा हाय. आधी तिखट झोंबाय लागलं, मग मीठ, आता बोललं तरी आग हुती.” पारूआक्कानं एकदा फाटकावरच्या बोर्डाकडं पाहिलं, मग मायाप्पाण्णांकडं, मग पदराआडच्या सगळ्यांकडं. “वाटायचं, कुणीतरी इचारंल, मग सांगू. कुणी इचारलं न्हाय. कशानं झालंय ते मला पयल्यापासनं ठाऊक हुतं. आन् तुमास्नी बी.”